एस१२ ओळखायचं तर आठ अक्षरं शोधा

अनोळखी प्रथिन रायबोसोमच्या (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या) एस१२ कुळातलं आहे का, हे पाहायला प्रोसाइट या प्रथिनांच्या डेटाबेसमधला आकृतिबंध हाताशी ठेवा: [आर/के]-एक्स-पी-एन-एस-[ए/आर]-एक्स-आर. प्रत्येक अक्षर म्हणजे एक अमिनो आम्ल, चौकटी कंसात दोहोंपैकी एक, एक्सच्या जागी कुठलंही अमिनो आम्ल. ई. कोलाय या जिवाणूत इथे के-के-पी-एन-एस-ए-एल-आर सापडतं, तर आरपीएस२३ या माणसातल्या याच कुळाच्या प्रथिनात के-क्यू-पी-एन-एस-ए-आय-आर. जिवाणू आणि माणूस इतके दूरचे, तरी हा तुकडा जवळपास तसाच टिकलाय, हे मला दर वेळी थक्क करतं. ई. कोलायमधल्या याच पहिल्या लायसीनमध्ये (म्हणजे के) बदल झाला की जिवाणू स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाला दाद देत नाही.

आता खरी मेख. प्रथिनांचे क्रम ज्या साध्या मजकूर-फाइलीत ठेवतात, त्या फास्टा फाइलमध्ये ओळ बहुधा ६० अक्षरांवर तुटते. आरपीएस२३मधलं ते के नेमकं ६०व्या जागी आहे, म्हणजे उरलेली सात अक्षरं पुढच्या ओळीत जातात. ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने ओळीओळीने शोधलंत तर माणसाचं प्रथिन सापडणारच नाही! आधी प्रत्येक क्रम एका सलग ओळीत आणा, मगच शोधा.

सापडलं म्हणून लगेच शिक्का मारू नका. वीसही अमिनो आम्लं सारख्या प्रमाणात धरली तर हा आकृतिबंध साधारण १ कोटी ६० लाख जागांमागे एकदा निव्वळ योगायोगानेही जुळतो. मोठ्या डेटाबेसात अशा जागा अब्जावधी असतात. म्हणून लांबी बघा (ई. कोलायमध्ये १२४, माणसात १४३) आणि पूर्ण क्रम पीफॅम या प्रथिनकुळांच्या डेटाबेसमधल्या, त्या कुळाच्या प्रोफाइलशी ताडून पाहा.