इलेक्ट्रिक गाडीचा एसी आवाज करतोय? कंप्रेसर बदलण्याआधी हे तपासा

बॉनेट उघडल्या उघडल्या ‘कंप्रेसर गेला’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. इलेक्ट्रिक गाडीत कंप्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरत नाही. त्याला स्वतःची मोटर असते आणि तो गरजेप्रमाणे वेग बदलतो. कूलंटने बॅटरी थंड होणाऱ्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीचं कामही त्याच्याकडेच असतं. म्हणून फास्ट चार्जरवर, एसी बंद असतानाही तो घुमला तर काळजी नको.

गाडी सावलीत लावा, काचा बंद, ‘रेडी’ मोड (गाडी निघायला तयार असल्याची खूण) चालू. हाय-व्होल्टेजच्या नारिंगी केबलना हात लावायचा नाही. रेडिएटरचा पंखा केव्हाही आपोआप फिरतो, तिथे बोटं नेऊ नका.

एसी बंद ठेवून नुसता ब्लोअर वाढवत जा. खरखर त्याच्याबरोबर वाढली तर दोष ब्लोअरचा. बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्समागे केबिन फिल्टर असतो, तो काढा. किनाऱ्याजवळ तिथे सुरूच्या काड्या आणि उंदरांनी कुरतडून नेलेला काथ्या सापडतो.

तापमान बदलताना टकटक झाली तर थंड-गरम हवा वळवणाऱ्या फ्लॅपच्या मोटरचे दात बहुधा झिजलेत.

वळणावर डॅशबोर्डाखाली पाणी हिंदकळतं का? आपल्या किनाऱ्याच्या दमट हवेत एसी थोडा वेळ चालला की गाडीखाली पाणी ठिबकलंच पाहिजे. ठिबकत नसेल तर ड्रेनची नळी बहुधा लाल मातीने किंवा कुंभारमाशीच्या घराने तुंबलीय. ती मऊ नळीने मोकळी करा. खालून जोरात हवा मारली तर पाणी केबिनमध्ये उसळतं.

खरी गफलत होते ती सलग घूं घूं आवाजात. ब्लोअर एकवर, तापमान सर्वांत कमी, एसी चालू. काही सेकंदांनी घुमणं सुरू झालं, ब्लोअर बदलूनही तसंच राहिलं आणि एसी बंद करताच थांबलं, तर आवाज कंप्रेसरकडून येतोय. पण कंप्रेसर बिघडलाय, हे त्यावरून अजिबात ठरत नाही! त्याची साधी थरथर रबर माउंट (त्याला धरणारी रबरी बैठक) कडक झाल्यामुळे किंवा ॲल्युमिनियमचा पाइप बॉडीला टेकल्यामुळे केबिनभर घुमते. आधी बाहेर, बॉनेटपाशी उभं राहून ऐका. बाहेर आवाज मवाळ आणि आत मोठा असेल तर संशय पाइपवरच घ्या.

गाडी बंद करून पाइप पूर्ण गार होऊ द्या, तो चांगलाच तापलेला असतो. मग टॉर्च लावून क्लॅम्पपासून क्लॅम्पपर्यंत बघत जा. जिथे घासतो तिथे खाऱ्या हवेने मळलेल्या पाइपवर नखाएवढा चकचकीत डाग दिसतो. त्या जागी रबराचा तुकडा सरकवा आणि चाचणी पुन्हा करा. आवाज बसला तर क्लॅम्प किंवा माउंट बदलून भागेल. दुर्लक्ष मात्र करू नका, घासून घासून पाइपला भोक पडतं. आत आणि बाहेर दोन्हीकडे करकर, धातू घासल्यासारखा आवाज असेल तरच कंप्रेसरचा विचार करा, आणि ते काम हाय-व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलेल्याकडेच द्या.

एसी बंद केल्यावर थोडा वेळ होणारी फुसफुस म्हणजे गॅसचा दाब समतोल होणं. चालू एसीत ती सतत येत असेल आणि गारवाही कमी झाला असेल तर बहुधा गॅस गळतोय. गॅस भरून घेण्याआधी भरायच्या मशीनमध्ये कंप्रेसरचं कोणतं तेल आहे ते विचारा. पेट्रोल गाड्यांना सहसा पीएजी तेल लागतं, इलेक्ट्रिक कंप्रेसरला बहुधा पीओई. मशीनच्या नळीत उरलेलं पीएजी आत गेलं तरी कंप्रेसरच्या मोटरचं विजेचं इन्सुलेशन घटतं आणि गाडी ‘रेडी’ व्हायलाच नकार देऊ शकते. गॅस आणि तेलाचा प्रकार बॉनेटखालच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. त्याच्याशी जुळत नसेल तर नळी जोडूच देऊ नका.