भरती-ओहोटीचं मॉडेल जुळत नाही? ‘एन’ बदलण्याआधी या चुका शोधा

नाशिकमध्ये पाण्याची मॉडेलं करणाऱ्याचा हात बहुधा गोदावरीच्या पुरावर बसलेला असतो. वरून विसर्ग द्यायचा, खाली पातळी द्यायची, पाणी एकाच दिशेने जातं. त्याच हाताने वैतरणेच्या खाडीचं काम घेतलं (उगम आपल्या त्र्यंबकच्या डोंगरात, तेव्हा खाडी तशी घरचीच), की आकडे जुळेनासे होतात आणि बोट मॅनिंगच्या ‘एन’कडे, म्हणजे तळाच्या खडबडीतपणाच्या आकड्याकडे जातं. तो सगळ्यात शेवटी बदलायचा.

पहिली शंका शून्यावर घ्या. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी म्हटलं की अख्ख्या शहराला पातळी कळते, कारण मारुती एकच आहे. समुद्राचं तसं नाही. सागरी नकाशातली खोली चार्ट डेटमपासून, म्हणजे साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते, तर सीमेवर दिलेली भरती सरासरी समुद्रपातळीभोवती वरखाली होते. मुंबईत अपोलो बंदरला या दोन शून्यांत २.५१ मीटरचं अंतर आहे. नकाशात ३ मीटर असेल, तर सरासरी पातळीला खरी खोली ५.५१ मीटर. हा फरक मिळवला नाही, तर मॉडेलचा तळ अडीच मीटर वर येतो. मग चिखलाणी (ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची जमीन) तासन्‌तास कोरडी राहते आणि भरती आत शिरताना भलतीच दबते.

नकाशावरच्या काही आकड्यांखाली रेघ असते. ती जागा ओहोटीला डेटमच्या वर उघडी पडते. डिजिटाइझ करताना रेघ सुटली, की १.२ मीटर उंच चिखलाणीचं १.२ मीटर खोल पाणी होतं. एका रेघेपायी २.४ मीटरची चूक! किनाऱ्यालगतचे असे आकडे हातानेच तपासावेत.

दुसरी शंका घड्याळावर. भरती अनेक नियमित लाटांची, म्हणजे घटकांची बेरीज असते. जागतिक भरती-मॉडेलमधून घेतलेल्या घटकांच्या कला (लाट कोणत्या वेळी कुठल्या टप्प्यावर आहे ते सांगणारे कोन) ग्रीनिच वेळेच्या असतात, निरीक्षणं भारतीय वेळेची. एम-टू हा चंद्रामुळे येणारा मुख्य घटक तासाला २८.९८ अंश सरकतो, म्हणजे साडेपाच तासांत १५९ अंश. उंची बरोबर, पण मॉडेलमध्ये भरती असताना जागेवर ओहोटी दिसत असेल, तर दुसरं काही शोधू नका. खात्रीसाठी फक्त एम-टू देऊन दोन-तीन दिवसांचा रन घ्या, १२.४२ तासांची लाट डोळ्यांनी तपासता येते.

नदीवाल्यांची खास चूक म्हणजे वरची सीमा मुखाच्या फार जवळ ठेवून तिथे भिंत घालणं. ही पटकन सापडत नाही, कारण पातळ्या जवळजवळ जुळतात, फक्त मुखाशी प्रवाह कमी येतो. उधाणाच्या ३.६६ मीटर कक्षेला (भरती-ओहोटीच्या पातळ्यांतल्या फरकाला) १ चौरस किलोमीटर खाडी कापली गेली, तर ३६.६ लाख घनमीटर पाण्याची ये-जा थांबते. सव्वासहा तासांत ते पाणी आत यायचं असतं, म्हणजे सेकंदाला सरासरी १६० घनमीटरच्या वर. क्युसेकमध्ये सांगायचं तर ५,८००च्या आसपास. एवढा विसर्ग गंगापूर धरणातून सुटला तर आपण मोजल्याशिवाय राहू का? तळ उधाणाच्या पातळीवर जाईपर्यंत ग्रिड वर न्या. सर्वेक्षण नसेल तर तेवढ्याच पृष्ठभागाचा तलाव जोडा.

वेळटप्प्याचं (मॉडेल एका वेळी किती सेकंद पुढे जातं त्याचं) थोडक्यात: २० मीटर खोलीत लाट सेकंदाला १४ मीटर जाते. ५० मीटरच्या ग्रिडवर एक्सप्लिसिट पद्धतीत (पुढचा टप्पा थेट आधीच्या टप्प्यावरून काढणाऱ्या) अडीच सेकंदांच्या पुढे जाऊ नका.

हे सगळं झाल्यावर ‘एन’. चिखलाच्या खाडीत ०.०१५ ते ०.०२५ पुरतो, गोदेच्या खडकाळ पात्रातला ०.०३५ इथे आणू नका. तो ०.०४ केल्यावरच जुळत असेल, तर खोली पुन्हा उघडा. जुळवणी निदान १५ दिवसांच्या नोंदींवर करा, कारण एम-टू आणि सूर्यामुळे येणारा एस-टू वेगळे व्हायला १४.७७ दिवस लागतात. भांगाच्या (सगळ्यात कमी चढउताराच्या भरतीच्या) आठवड्यावर बसवलेलं मॉडेल उधाणाला फसतं. प्रवाह तपासताना तरंगत्या फ्लोटचा वेग थेट लावू नका. मॉडेल खोलीभरची सरासरी देतं, पृष्ठभागाचा वेग साधारण ०.८५ने गुणून घ्या. आणि वाऱ्याची दिशा तो येतो ती, प्रवाहाची मात्र तो जातो ती.