शाळेत पोषण शिकवायचंय? तक्ता गुंडाळा आणि खिचडीच्या पातेल्यापाशी चला

चौथीतल्या कुठल्याही पोराला विचारा, प्रथिनं कशात असतात? धाडकन सांगेल, डाळी कडधान्यं अंडी मांस मासे. आणि दहा मिनिटांनी सुट्टी झाली की तेच पोरगं खिचडीतली मटकी एकेक वेचून ताटाच्या कडेला लावून ठेवेल. पेपरात त्याला पैकीच्या पैकी मार्क आहेत बरं का. मी झेडपीच्या शाळेत शिकवतो आणि सुरुवातीची बरीच वर्षं मी पण हेच केलं, भिंतीवर चौरस आहाराचा तक्ता, सप्टेंबरात पोषण माह आला की घोषवाक्य, रांगोळी, फोटो, रिपोर्ट अपलोड, संपलं. पोरांच्या ताटात काडीचा फरक पडला नाही. आता जे करतो ते लिहितोय, एक रुपया जास्त लागत नाही यातल्या बहुतेक गोष्टींना.

आधी एक आठवडा काहीच शिकवू नका, फक्त उष्ट्याची बादली बघा. रोज जेवण झालं की बादलीत काय पडलंय ते वहीत लिहायचं, कुठल्या दिवशी जास्त, कुठल्या दिवशी कमी, भात टाकतात की भाजी की कडधान्य. आमच्याकडे कळलं की पोरं मटकीला नाही तर अर्धवट शिजलेल्या मटकीला कंटाळली होती, आणि भाजीच्या मोठ्या फोडी वेचता येतात म्हणून वेचत होती. ही माहिती मिळाली की अर्धा विषय वर्गात नाही, चुलीपाशी सुटतो.

म्हणून दुसरं काम म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या ताईंना सोबत घ्यायचं. ऑर्डर सोडायची नाही, त्यांच्याशेजारी बसून बोलायचं, तुटपुंज्या मानधनावर एवढ्या पोरांचं रांधतात त्या. कडधान्य आदल्या संध्याकाळी भिजत घालणं, भाजी बारीक चिरणं, पालेभाजी शेवटी टाकून झाकण ठेवणं, आयोडीनच्या मिठाचा डबा चुलीशेजारी उघडा न ठेवणं, शेवग्याचा मूठभर पाला आमटीत सोडणं. यातलं निम्मं त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं, कुणी विचारलेलं नसतं एवढंच.

आता वर्गात. सगळ्यात भारी तास होतो तो वजनकाट्याचा. शालेय पोषण आहार योजनेचं माप ठरलेलं आहे, पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल, त्यातून ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशोब. सहावी ते आठवीला १५०, ३०, ७५ आणि साडेसात, म्हणजे ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम. हे फळ्यावर लिहून देऊ नका, काटा वर्गात आणा आणि पोरांना स्वतः २० ग्रॅम मूगडाळ मोजू द्या. मूठभर पण नसते ती! ‘सर एवढीच?’ असं कुणीतरी म्हणतंच, आणि तिथून खरा तास सुरू होतो. मग गणित, आज पट ६४ हजर, तर तांदूळ किती, ६ किलो ४००. डाळ १ किलो २८०, भाजी ३ किलो २००. पाचवीचा गुणाकार, ग्रॅम-किलोचं रूपांतर, सगळं त्यातच उरकतं. वेगळा पोषणाचा तास मागू नका, मिळणार पण नाही, परिसर अभ्यास आणि गणितातच घुसवा. (पोरांना माप पाठ झालं की पातेल्यात डाळ कमी पडलेली पण त्यांना दिसायला लागते, हा साइड इफेक्ट आहे, तयारी ठेवा.)

मोड आणायचा प्रयोग सगळ्यांना माहितीये पण तो अर्धा करून सोडतात. ८-१० तास भिजवा, कापडात बांधा, पोरांना घरी नेऊ द्या, तिसऱ्या दिवशी कुणाच्या मटकीला केवढा मोड ते पट्टीने मोजा. कोरड्या मटकीत क जीवनसत्त्व नसल्यातच जमा असतं, मोड आले की ते तयार होतं, हे तेव्हा सांगायचं. आणि मग वाफवून, कांदा-लिंबू मारून वर्गात खायची. कच्ची देऊ नका लहान पोरांना, पोट बिघडतं. स्वतः मोड आणलेली मटकी कुणी वेचून बाहेर काढत नाही, हे मी पैजेवर सांगतो.

लिंबावरून लोहाकडे जायचं. हा भाग नीट शिकवा कारण गरज खरी आहे, २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातल्या ५ ते ९ वयाच्या साधारण २४ टक्के आणि १० ते १९ वयाच्या २८ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. शाळेत आठवड्याला एक लोहाची गोळी मिळते, लहानांना गुलाबी, सहावीपासून पुढे निळी. आपण काय करतो, गोळ्या वाटतो, रजिस्टर भरतो. पोरगं उपाशीपोटी गोळी खातं, मळमळतं, दुसऱ्या दिवशी शी काळी होते, आई घाबरते, आणि गावभर होतं की शाळेतल्या गोळ्या बाधल्या. हे आधीच सांगून टाका, पोरांना पण आणि पालकसभेत पण: गोळी जेवणानंतरच, शी काळी होणं नॉर्मल आहे, आणि जेवणासोबत लिंबू-आवळा-पेरू असला की लोह अंगाला लागतं, वर लगेच चहा ढोसला की कमी लागतं. पेरूत संत्र्याच्या चार-पाच पट क जीवनसत्त्व असतं हे ऐकून पोरं चाट पडतात कारण पेरू म्हणजे दप्तरात मीठ-मिरचीसोबत येणारी फुकटची गोष्ट. जंतांमुळे पण रक्त कमी होतं, म्हणून फेब्रुवारी-ऑगस्टमधली जंताची गोळी पण याच गोष्टीला जोडा, नाहीतर पोरांना वाटतं या दोन गोळ्यांचा एकमेकींशी काही संबंधच नाही.

चहाचा विषय निघालाच आहे तर, सकाळी काय खाऊन आलात हे वर्गात हात वर करून विचारू नका. प्लीज. मी विचारलं होतं एकदा. एक पोरगी खोटं बोलली, पोहे म्हणाली, आणि मला कळलं की तिने काहीच खाल्लेलं नाही. चिठ्ठ्या लिहून घ्या, नाव न घालता. आमच्या चिठ्ठ्यांमध्ये निम्म्या चहा-खारी, चहा-टोस्ट, चहा-बिस्किट निघाल्या. तसंच वजन-उंची सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं नाही, ‘बारक्या’, ‘ढोल्या’ ही नावं तिथूनच चिकटतात. अंड्याचं पण तेच, जिथे मिळतं तिथे खाणाऱ्याने खावं, न खाणाऱ्याने केळं खावं, कोण चांगला कोण वाईट यात शिक्षकाने पडायचं नाही, आणि ताटं वेगळ्या रांगेत बसवायची नाहीत.

गेटजवळचं दुकान हा आपला खरा कॉम्पिटिटर. एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमाप्रमाणे शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकायला बंदी आहे, पण खेड्यात ते दुकान म्हणजे कुणाचे तरी काका असतात, नियम दाखवून भांडण होतं फक्त. मी दोन गोष्टी करतो. एक, पोरांना पाकिटं गोळा करून आणायला सांगायचं आणि मागची बारीक अक्षरं वाचायची. कोल्ड्रिंकच्या लेबलवर १०० मिलीला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे २०० मिलीच्या बाटलीत चहाचे पाच चमचे, ते प्रत्यक्ष ग्लासात टाकून दाखवायचे आणि विचारायचं, हे सरबत आई करून देईल का. दोन, काकांशी गोड बोलून फुटाणे, शेंगदाणा चिक्की, उकडलेलं मक्याचं कणीस, सीझनला बोरं ठेवायला लावायची. खपलं तर ठेवतात, त्यांना काय. आणि आपणच बक्षीस म्हणून चॉकलेट वाटणं बंद करा आधी.

आनंदनगरी प्रत्येक शाळेत होते, वडापाव, भेळ, पाणीपुरीचे स्टॉल. ते बंद करू नका, पोरांचा हिरमोड होईल, फक्त अट घाला की निम्मे स्टॉल घरात पिकणाऱ्या किंवा आजी करते अशा पदार्थांचे. नाचणीचे लाडू, हुलग्याचं माडगं, धपाटे, अळूवडी. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या आसपास पण नाही, हे स्टॉलवर उभ्या पोराने गिऱ्हाइकाला सांगायचं, म्हणजे पाठांतर आपोआप. पावसाळ्यात एखाद्या शनिवारी आज्यांना बोलवा, टाकळा, कुर्डू, करटोली अशा रानभाज्या ओळखायला शिकवतील, पण पोरांना एकट्याने रानातलं काही तोडून खाऊ नका हे दहादा बजवा.

परसबाग करा, पण फोटोपुरती नको. मेथी-पालक महिनाभरात हाताशी येतात म्हणून पोरांचा इंटरेस्ट टिकतो, हात धुवायचं पाणी वाफ्यात वळवा. खरी गोची मे महिन्याच्या सुट्टीची, सगळं वाळून जातं, त्यामुळे बांधाला शेवगा आणि कढीपत्ता लावा, ते तग धरतात.

शेवटी चव रजिस्टर. आमच्या जुन्या रजिस्टरला पानंच्या पानं ‘चव उत्तम’ आहे. वाढायच्या आधी शिक्षकाने चाखायचं ते चाखाच, तो सुरक्षेचा भाग आहे. पण सोबत पोरांची एक वही ठेवा, रोज दोन पोरं लिहितील, काय होतं, कसं होतं, काय उरलं. आमच्या वहीतली मागच्या आठवड्यातली नोंद: ‘आज वाटाणा कडक. पालक बारीक चिरला म्हणून कळला नाही. बादलीत थोडंच. मीठ कमी, ताईंना सांगितलं, त्या म्हणाल्या बरं.’