लूप फिरत असताना यादीतून काही काढायचं असेल तर

प्रोग्रामिंगमध्ये लूप, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारा कोड, लिहिणं दोन दिवसांत जमतं. लूप ज्या यादीवर फिरतोय त्याच यादीतून काही काढणं ही वेगळी गोष्ट आहे. "सगळ्या भाषांत लूप एकच, लिहायची पद्धत तेवढी वेगळी" हा सल्ला नेमका इथेच गळ्याशी येतो.

आधी लूप निवडा. फेऱ्या किती ते ठाऊक असेल तर फॉर, नसेल तर व्हाइल. गो या भाषेत व्हाइल नाहीच, दोन्ही कामं फॉरच करतो.

मग टोकं बघा. पायथनमध्ये रेंज(१, १२) अकरावरच थांबते, म्हणजे डझनातलं एक फळ राहिलं. वरचं टोक १३ हवं. रस्टमध्येही १..१२ अकरावर थांबतं, रुबी आणि कोटलिनमध्ये तेच १..१२ बाराला धरून चालतं. भाषा बदलली की दोन्ही टोकं एकदा छापून बघा, आठवणीवर जाऊ नका.

आता खरी गोम. रत्नागिरीच्या एखाद्या बागेत हापूसची निवड चाललीय असं समजा. पाच फळांची वजनं ग्रॅममध्ये अशी: २५०, १८०, १७०, २६०, १९०. दोनशेच्या आतलं फळ यादीतून काढायचंय. पायथनमध्ये सरळ फॉर लावून आतच रिमूव्ह केलंत, तर शेवटी उरतात २५०, १७०, २६०. हे १७० कुठून राहिलं? फॉर फळ धरून चालत नाही, जागेचा क्रमांक धरून चालतो. १८० निघालं की १७० एक घर अलीकडे सरकून त्याच्या जागी येतं, आणि लूप तोवर पुढच्या जागेकडे गेलेला असतो. हाताने निवड करताना एक फळ उचललं म्हणून शेजारचं त्याच्या जागी येऊन बसत नाही, यादीत बसतं.

वाईट म्हणजे एररही येत नाही. दोन लहान फळं लागून आली तरच दुसरं निसटतं, त्यामुळे चार आकड्यांची चाचणी पास होते आणि खऱ्या पेट्या भरताना हिशेब चुकतो.

जावा निदान ओरडते: फॉर-ईचमध्ये (यादीतलं एकेक घेत जाणारा फॉर) यादीतून काही काढलं की बहुतेक वेळा कॉन्करंट-मॉडिफिकेशन-एक्सेप्शन, म्हणजे 'फिरताना यादी बदलली' अशी एरर येते. 'बहुतेक' हा शब्द मुद्दाम. ॲरेलिस्ट या जावाच्या यादीतलं शेवटून दुसरं काढलंत तर लूपला वाटतं यादी संपली; तो गुपचूप थांबतो आणि शेवटचं फळ न तपासताच राहतं. एक्सेप्शन आलं नाही म्हणजे कोड बरोबर, असं धरू नका. रस्ट मात्र असा प्रोग्राम कंपाइलच होऊ देत नाही.

उपाय एकच लक्षात ठेवा: वाईट काढू नका, चांगलं उचला. पायथनमध्ये लिस्ट कॉम्प्रिहेन्शनने (एका ओळीत नवी यादी बनवायची सोय) २०० आणि त्यावरची वजनं नव्या यादीत घ्या. तीच यादी दुसऱ्या नावानेही वापरात असेल, तर नवी वजनं यादी[:] मध्ये, म्हणजे त्याच जुन्या यादीच्या आत भरा, नाहीतर ते दुसरं नाव न गाळलेल्या जुन्याच यादीकडे बघत बसेल. याच कामासाठी जावास्क्रिप्टमध्ये फिल्टर, रस्टमध्ये रिटेन, जावा ८ पासून रिमूव्ह-इफ, गो १.२१ पासून स्लायसेसमधलं डिलीट-फंक.

जागच्या जागी काढणं भागच असेल तर शेवटाकडून सुरुवातीकडे या. शेवटाकडची फळं तपासून झालेली असतात, ती सरकली तरी बिघडत नाही. पण सीमध्ये क्रमांक साइझ-टी प्रकारचा ठेवून 'शून्य किंवा जास्त असेपर्यंत' अशी अट घातलीत तर लूप थांबणार नाही. तो प्रकार ऋण होतच नाही. शून्यातून एक वजा केला की थेट सर्वांत मोठ्या आकड्यावर उडी घेतो, आणि पुढची फेरी भलत्याच मेमरीत हात घालते. तपासणी आधी, वजाबाकी नंतर, असा व्हाइल लिहा: क्रमांक शून्याहून मोठा आहे का बघा, आत शिरल्यावर पहिल्याच ओळीत एक कमी करा.

चाचणीला पाच याद्या द्या: रिकामी, सगळी लहान, दोन लहान लागून, फक्त शेवटचं लहान आणि शेवटची दोन्ही लहान.