मॉरिशसचा प्रोजेक्ट: चार पानं नको, एक नकाशा घ्या

शाळेतून ‘एका द्वीपराष्ट्राची माहिती’ असा प्रोजेक्ट आला की बहुतेक घरांत तेच होतं, रंगीत कार्डशीट आणायची, प्रिंटआउट कापायच्या, भूगोल-लोक-अर्थव्यवस्था-इतिहास अशी चार पानं चिकटवायची आणि सबमिट. मग व्हायवात एक प्रश्न आला की पोर गप्प. माझं ऐकाल तर मॉरिशस घ्या आणि चार पानं करूच नका, कारण त्या बेटावर मुळात कुणी राहतच नव्हतं, त्यामुळे ‘कोण, कधी, कशाला आलं’ हा एकच प्रश्न धरला की चारही विषय त्यात येतात.

आधी नकाशा, आणि तो मुलाने हाताने काढायचा. बेट साधारण 65 किमी लांब आणि 45 किमी रुंद, म्हणजे ठाणे स्टेशनवरून कर्जत लोकलने जेवढं लांब तेवढीच जवळपास लांबी. 1 सेंमी म्हणजे 2.5 किमी धरा, ए-फोर कागदावर नीट बसतं. किनाऱ्याबाहेर निळी तुटक रेघ मारा, ती प्रवाळाची भिंत, ती जवळजवळ सगळ्या बेटाभोवती आहे, लाटा तिथेच फुटतात आणि आत उथळ शांत पाणी राहतं, हॉटेलं बहुतेक त्याच पाण्याच्या काठी. मधे तपकिरी रंग, ते ज्वालामुखीचं पठार, आणि नैऋत्येला 828 मीटरचं सगळ्यात उंच शिखर. आता आग्नेयेकडून एक बाण काढा, वारा तिकडून येतो, त्यामुळे पठारावरच्या क्युरपीप शहराला भरपूर पाऊस आणि पश्चिम किनारा कोरडा. राजधानी पोर्ट लुई वायव्येला का, ते हा बाण बघून मुलगा स्वतः सांगेल, जहाजांना वाऱ्यापासून आडोसा हवा ना!

मॉरिशस देशाचंच दुसरं बेट रॉड्रिग्ज विसरू नका, ते पूर्वेला 560 किमीवर आहे. याच स्केलने काढायचं तर कागद सव्वादोन मीटर लागेल, तेव्हा कोपऱ्यात चौकट करून दाखवा. बेटं अशी लांब लांब असल्यामुळेच जमीन फक्त 2040 चौ. किमी असूनही देशाच्या हक्काचा समुद्र 23 लाख चौ. किमीच्या आसपास आहे.

इतिहास नकाशाच्या खाली एका पट्टीवर. 1598 ला डच आले, त्यांनीच जावाहून ऊस आणला, 1710 ला सोडून गेले (डोडो पक्षी त्याआधीच संपला होता, त्याला एक छोटं चित्र बस, पूर्ण पान नको). 1715 ला फ्रेंच, मादागास्कर आणि मोझांबिकहून गुलाम आणले. 1810 ला इंग्रज. 1835 ला गुलामगिरी बंद होणार होती, ऊस तोडायला माणसं हवीत म्हणून 1834 पासूनच भारतातून करारावर मजूर न्यायला लागले.

इथे मात्र जास्त जागा द्या, हा भाग आपला आहे. पुढच्या शंभरएक वर्षांत साडेचार लाखांच्या वर लोक गेले, बहुतेक कलकत्त्याहून, मग मद्रास, आणि मुंबई बंदरातून आपली कोकणातली माणसं. पोर्ट लुईला उतरलं की आप्रवासी घाटाच्या दगडी पायऱ्या चढायच्या, ती जागा 2006 पासून जागतिक वारसा यादीत आहे. रजिस्टरमध्ये प्रत्येकाचा नंबर, वडिलांचं नाव, गाव, उंची, अंगावरची खूण, आणि 1860 नंतरच्या दशकांत फोटोसुद्धा. उसाच्या शेतांत अजून काळ्या दगडांचे ढीग दिसतात, जमीन साफ करताना मजुरांनी हाताने रचलेले. कोकणातून गेलेल्यांच्या पुढच्या पिढ्या आज मराठी शिकतात, आणि गणेश चतुर्थीला तिथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते.

अर्थव्यवस्थेत नुसतं ‘साखर, पर्यटन’ लिहू नका, क्रम दाखवा. ऊसच का, तर वादळात तो इतर पिकांपेक्षा तग धरतो. पण एकाच पिकावर देश चालेना, 1961 मध्ये जेम्स मीड या अर्थतज्ज्ञाने भविष्य कठीण असल्याचं लिहिलं होतं (त्यांना 1977 ला नोबेल मिळालं). 12 मार्च 1968 ला स्वातंत्र्य, शिवसागर रामगुलाम पहिले पंतप्रधान, 1970 ला निर्यातीसाठी खास सवलती, मग कपड्यांचे कारखाने, पर्यटन, बँकिंग.

लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. 2011 च्या जनगणनेत एकट्या ठाणे शहरात 18 लाखांवर माणसं होती, हे वाक्य मुलाला पाठ असू द्या, वर्गात सगळे कान टवकारतात.

भाषेचा प्रश्न हमखास येतो. घरी-रस्त्यात क्रिओल (फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली), पेपर बहुतेक फ्रेंच, संसदेत इंग्रजी. का, ते पट्टीवर बोट ठेवून सांगायला सांगा, फ्रेंच आधी आले, इंग्रज नंतर, आणि क्रिओल गुलामांच्या वस्तीत तयार झाली. पुस्तकं हवी असतील तर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारा, 1893 पासूनची संस्था आहे, आणि जाताना मुलालाच पुढे करा, काय हवंय ते त्यालाच बोलू द्या.