अँटेना टॉवरचा पाया: काळ्या मातीत या चुका टाळा

माझा पहिला टॉवर मे महिन्यात उभा राहिला आणि ऑगस्टमध्ये कलला. लोखंडाला काही झालं नव्हतं. अख्खा टॉवर पायासकट शेजारच्या काकांच्या गच्चीकडे झुकला होता. वारा पडलेल्या एका सकाळी ओळंबा सोडला, तर ४० फुटांवरचं टोक सव्वाचार इंच बाहेर. काकांनी आधी हसून विचारलं, मग न हसता विचारलं.

इंदूरमध्ये हौशी रेडिओचा (हॅम रेडिओचा) नाद करणाऱ्याला काळी माती चुकत नाही. ‘मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी पग पग नीर’ हे शेतकऱ्यासाठी ठीक आहे. पाया घालणाऱ्यासाठी हेच नीर घातक. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते आणि एप्रिल-मेमध्ये हाताचा पंजा जाईल अशा भेगा पाडते. मी नेमका त्याच दिवसांत खड्डा घेतला: अडीच बाय अडीच फूट, खोली तीन फूट. ठेकेदार म्हणाला, “भिया, इसपे तो तीन मंजिल का मकान खड़ा हो जाए.” मलाही पटलं.

खड्ड्याच्या एका अंगाला कर्दळीचा वाफा होता आणि मोरीचं पाणी त्यात सोडलेलं. ती बाजू बारा महिने ओली, म्हणजे फुगायची तेवढी फुगून बसलेली. दुसरी बाजू ठणठणीत कोरडी. पाऊस लागला तशी कोरडी बाजू फुगली आणि तिने पायाची कड वर उचलली. अडीच फूट रुंद पायाची एक कड जेमतेम ७ मिलिमीटर उचलली, तरी ४० फुटांवर टोक चार इंचांच्या पुढे सरकतं. काँक्रीटला तडा नाही, सळई जागच्या जागी, आणि टॉवर तिरका!

म्हणून सिमेंटच्या गोण्या मागवण्याआधी मातीकडे बघा. पाच-सहा फूट खोल चाचणीचा खड्डा घ्या. खाली पिवळसर, कडक मुरूम लागला तर पाया त्यावरच टेकवा, मग वरची सगळी काळी माती उपसावी लागो. मातीच्या फुगण्याचा अंदाज घरीही येतो. माती वाळवून, कुटून, बारीक चाळून घ्या. खुणा असलेल्या दोन सारख्या नळ्यांत १०-१० ग्रॅम टाका. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. ढवळून २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातली माती तिच्यापेक्षा ५० टक्क्यांहून जास्त वर चढलेली दिसली, तर साध्या चौकोनी ठोकळ्याच्या भरवशावर राहू नका. मुरूम फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइलचा, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबाचा, विचार करा. त्यात खालच्या टोकाला खांबाच्या व्यासाच्या साधारण अडीच पट फुगीर बल्ब असतो, आणि तो माती हलते त्या थराच्या खाली अडकून बसतो. हे काम मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच काढून घ्या.

उपसलेली काळी माती पायाभोवती परत भरायची नाही. ‘फुकट मिळतेय, लोटून द्या’ ही चूक मी स्वतः केली आहे. भोवती मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत धुमसून भरा. पण नुसता मुरूम भरला की खड्डा वाटीसारखा पाणी धरतो, म्हणून वर बाहेरच्या बाजूला उतार दिलेला काँक्रीटचा पट्टा हवाच. मोरी, टाकीचा ओव्हरफ्लो, गच्चीचा पाइप यांचं पाणी दुसरीकडे वळवा.

दुसरी मोठी चूक वजनाच्या हिशेबात होते. टॉवर खाली दाबतो म्हणून पाया लागतो, असं आपण धरून चालतो. ताणाच्या तारा नसलेला, स्वतःच्या पायावर उभा टॉवर वाऱ्याने उलटू पाहतो, आणि त्याला अडवायचं काम पायाचं. ताशी १४० किलोमीटरचा वारा धरला तर दर चौरस मीटरवर साधारण ९२ किलो दाब येतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. १४ मेगाहर्ट्झच्या तीन एलिमेंटच्या (तीन आडव्या नळ्यांच्या) यागी अँटेनाचं वाऱ्यासमोरचं क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर धरा. ४६ किलो गुणिले १२ मीटर म्हणजे ५५० किलोग्रॅम-मीटर, आणि हे फक्त अँटेनाचं. जाळीदार टॉवरच्या अंगावर बसणारा वारा बहुधा याहून जास्तच भरतो. आता माझा जुना ठोकळा बघा: वजन सुमारे १,२०० किलो, मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर सव्वा फूट (०.३८ मीटर), म्हणजे उलटणं अडवायची त्याची ताकद जेमतेम साडेचारशे किलोग्रॅम-मीटर. एकट्या अँटेनालाही तो पुरा पडला नसता. तेव्हा वर नुसता हलका उभा व्हीएचएफ (अति उच्च वारंवारतेचा) अँटेना होता म्हणून निभावलं. १.२ बाय १.२ आणि १.५ मीटर खोल ठोकळ्याचं वजन ५ टनांवर जातं आणि हाच आकडा ३,०००च्या आसपास पोचतो. हा तोंडी हिशेब अंदाजापुरता. भिजून मऊ पडलेल्या मातीत यातलं बरंच कमी धरावं लागतं. खरी मापं टॉवर बनवणाऱ्याच्या नकाशावरून किंवा इंजिनिअरकडून घ्या.

ताणाच्या तारांच्या टॉवरचं गणित उलटं असतं. मधल्या पायावर मुख्यतः दाब येतो. वर उपटायला बघतात ते तारांचे अँकर. मधे भलामोठा ठोकळा आणि अँकरला मात्र पहारीने ठोकलेला अँगल, असं चित्र इथेही पाहिलं आहे. पावसाळ्यात तो अँगल लोण्यातून सुरी निघावी तसा निघतो.

माल टाकायच्या दिवशी स्वतः उभे राहा, रजा टाका. एम-२० प्रतीच्या काँक्रीटसाठी सिमेंट, वाळू, खडी यांचं १:१.५:३ प्रमाण आणि ५० किलोच्या गोणीला सुमारे ३० लिटर पाणी. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. मिस्त्री ‘जरा पतला करो’ म्हणतोच, कारण पातळ माल ढकलायला सोपा; व्हायब्रेटर भाड्याने आणा, पाणी वाढवू नका. सळईची जाळी मातीवर किंवा विटेच्या तुकड्यांवर टेकवू नका. खाली पीसीसी (सळई नसलेल्या काँक्रीटचा थर) आणि जाळी उचलून धरणारे ५० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक लागतात. ठोकळा एका दमात भरा. मिक्सर दुपारी बंद पडला आणि उरलेलं उद्या, की मधे सांधा राहिलाच.

टॉवरचे पोकळ पाय थेट काँक्रीटमध्ये गाडले आणि खालून बंद राहिले, तर आत पाणी साचून पाइप आतून गंजतो. खाली खडीचा थर देऊन पाण्याला वाट ठेवा, किंवा सरळ अँकर बोल्ट वापरा. बोल्ट मात्र टेम्प्लेटमध्ये (मापाची भोकं पाडलेल्या पट्टीत) आवळूनच बसवा. व्हायब्रेटरने ते सरकतात आणि नंतर बेस प्लेटची भोकं गॅसने वाढवायची पाळी येते. ॲल्युमिनियमचा खांब काँक्रीटमध्ये कधीच गाडू नका. माथा जमिनीपासून सहा इंच वर आणि चारी बाजूंना उतरता ठेवा. कोएक्स (अँटेनाची केबल), रोटेटरची (अँटेना फिरवणाऱ्या मोटरची) वायर आणि अर्थिंगच्या पट्टीसाठीचे पाइप आधीच टाका. नंतर छिन्नी घेऊन बसणारा मी एकटा नाही.

क्युरिंगला नर्मदेच्या नळाची सबब सांगू नका. पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून तर माथ्यावर आळं करून गोणपाट पसरायचं. पीपीसी (पोझोलाना मिसळलेलं) सिमेंट असेल तर किमान १० दिवस ओल राहिली पाहिजे. टॉवर २८ दिवसांनी चढवा. आठव्या दिवशी पाया दगडासारखा वाटतो, पण ताकद दोन-तृतीयांशाच्या आसपासच आलेली असते.

पाया आधीच झाला असेल आणि शंका असेल, तर लक्षणं बघा. माथ्यावरच्या केसासारख्या भेगा बहुधा घाईने सुकल्याच्या. सिमेंटच्या पातळ लेपाने बुजवा. भेग कडेवरून खाली उतरत असेल किंवा बोल्टभोवती गोल फिरत असेल, तर टॉवरवर चढू नका. सेंटरिंग काढल्यावर खडी उघडी दिसली तर सैल भाग फोडून न आकसणाऱ्या ग्राउटने (ओतून भरायच्या सिमेंटच्या मिश्रणाने) भरा. नुसता प्लास्टर फासणं म्हणजे झाकपाक. पाया आणि माती यांच्यात मेमध्ये फट पडली, तर काळी माती अजून तिथेच आहे असं समजा.

टॉवर कललाच असेल, तर आधी अँटेना उतरवा. तारा ओढून तिरका पाया सरळ करायला जाऊ नका. बोल्टवर बसवलेला टॉवर किंचितच कलला असेल तर खालच्या नटांनी प्लेट लेव्हलला आणून ग्राउट भरता येतं, पण एक उन्हाळा आणि एक पावसाळा हालचाल मोजल्यानंतरच. मी मोजली, ती थांबली नाही. शेवटी जुना ठोकळा तिथेच सोडला आणि मोरीपासून बारा फूट लांब, मुरमापर्यंत खोदून नवा पाया घातला. जुन्यावर आता तुळशीवृंदावन आहे, आणि तेही अजून कर्दळीकडेच कललेलं आहे.