भंगारातली बाग खान्देशच्या उन्हात का करपते? या चुका टाळा

तेलाचा डबा, रंगाची बादली, खताची गोणी, जुना माठ. घरात पडून असलेल्या वस्तूंत बाग लावायला जवळपास खर्च येत नाही, हे खरंच. पण मोबाइलवर पाहिलेली पुण्या-मुंबईकडची बाग जशीच्या तशी जळगाव-भुसावळच्या गच्चीवर उतरवली, की एप्रिलातच रोपं माना टाकतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो, माती काळी चिकण आणि बोअरचं पाणी जड. बहुतेक चुका या तिघांकडे दुर्लक्ष केल्यानेच होतात.

पहिली चूक पत्र्याच्या डब्याची. पंधरा किलो तेलाच्या डब्यात वांग्याचं एक झाड आरामात येतं. एकच बरं का, भरताच्या वांग्याला ऐसपैस जागा लागते. पण हाच डबा पश्चिमेच्या कठड्याला ठेवला, तर दुपारी पत्रा तापतो आणि कडेची मुळं शिजून निघतात. पाणी भरपूर आहे, माती ओली आहे, तरी झाड संध्याकाळीसुद्धा सावरत नाही, असं दिसलं की समजावं मुळं गेली. डब्याला बाहेरून चुन्याचे दोन हात मारा, भोवती गोणपाट गुंडाळा, विटांवर ठेवा आणि सकाळचं ऊन मिळेल अशा पूर्वेच्या बाजूला सरकवा. काळ्या बादल्यांनाही हाच नियम. भिंतीला टांगलेल्या अर्ध्या कापलेल्या बाटल्या मात्र हिवाळ्यापुरत्याच. त्यांतली ओंजळभर माती उन्हाळ्यात दुपारपर्यंत कोरडी ठाक होते.

शेतातली काळी माती नुसती भरणं ही दुसरी चूक. फुकट मिळते, कसदारही असते, पण डब्यात ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसून कडा सोडते. मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, आपल्याला वाटतं डबा भरून पाणी दिलं, आणि मधला गड्डा कोरडाच. खात्री करायची तर पाणी दिल्यावर थोड्या वेळाने बोटभर माती उकरून बघा. एक भाग काळी माती, एक भाग जाडी वाळू, दोन भाग कुजलेलं शेणखत, असं मिश्रण चालतं. तळाला विटांचे तुकडे, खडे भरून निचरा सुधारतो असं सगळे सांगतात. सुधारत नाही, उलट मुळांची तेवढी जागा जाते. त्यापेक्षा खिळ्याने तळाला पाच-सहा भोकं पाडा.

आता पाणी. नळाला रोज पाणी नसेल तिथे कुलरच्या टाकीत उरलेलं आणि फिल्टरमधून वाया जाणारं पाणी कुंड्यांत ओतायची सवय लागते. बचत म्हणून चांगलं वाटतं, पण कुलरमध्ये पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. फिल्टरच्या टाकाऊ पाण्यातही तेच, क्षार जास्तच. पानांच्या कडा तपकिरी होऊन जळायला लागल्या, मातीवर पांढरी पापडी धरली, की कारण हेच. या पाण्याने अंगण धुवा, फरशी पुसा. कुंडीत क्षार साचलेच असतील, तर पापडी खरवडून काढा आणि चांगलं पाणी इतकं सोडा की ते खालून बराच वेळ वाहत राहील. पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर ठेवल्या तर हे काम आपोआप होतं.

चुलीची राखही अशीच. ‘राख टाका, कीड जाते’ हा सल्ला ऐकून डब्यात ओंजळी ओतल्या जातात. आपली काळी माती मुळातच विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची, सामू (पीएच) साधारण ७.५ ते ८.५, राखेने तो आणखी चढतो. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं दिसलं तर झाडाला लोह मिळत नाहीये. राख बंद करून शेणखत वाढवा. कृषी केंद्रात हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) मिळतं. ५ ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून, थोडं लिंबू पिळून, संध्याकाळी फवारा.

जुन्या माठाची गंमत वेगळी आहे. मातीत गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरलं की ते झिरपून मुळांना मिळतं, हा जुना आणि फार उत्तम प्रकार. पण घरातला माठ आपण टाकतो कधी? त्यात पाणी थंड होईनासं झालं की. म्हणजे आपल्या जड पाण्यातल्या क्षारांनी त्याची छिद्रं बुजलेली असतात, आणि जो माठ हवेत पाझरत नाही तो मातीतही पाझरणार नाही. पुरण्याआधी भरून सावलीत ठेवा. काही तासांत बाहेरून ओलसर झाला तरच कामाचा. नसेल तर आतून विटेच्या तुकड्याने घासा, व्हिनेगर टाकलेल्या पाण्यात रात्रभर ठेवून पुन्हा बघा. रंगवलेला माठ नकोच.

खताच्या प्लास्टिकच्या गोण्या उन्हात विरतात, दोऱ्या सुटून मातीत मिसळतात. एका हंगामापलीकडे भरवसा धरू नका. सिमेंटचं पोतं झटकून, धुऊनच घ्यावं. कीटकनाशकाचा डबा कितीही धुतला तरी भाजीला वापरायचा नाही, याला अपवाद नाही.

केळीच्या साली, दुधा-साखरेच्या चहाचा चोथा थेट कुंडीत पुरला की मुंग्या आणि चिलटं येतात. आधी झाकण असलेल्या जुन्या बादलीत वाळक्या पानांसोबत कुजवा. वास आला तर पानं वाढवा, कोरडं पडलं तर पाणी शिंपडा.

आणि मे महिन्यात टोमॅटो-मिरचीची फुलं गळतात म्हणून खत ओतू नका. इतक्या उष्णतेत फळधारणा होतच नाही. रोपांच्या वर दोन फूट अंतरावर जुनी सुती साडी ताणून बांधा, रोपांवर पसरू नका, नाहीतर गरम वारा आतच कोंडतो. नवीन पेरणी मृगाचा पाऊस पडल्यावर करा, पण त्याआधीच्या वादळात साडी उडून जाईल, म्हणून तेव्हा सोडून ठेवा.